एक्केचाळिसावं घर

"खोक्याला तर काहीच झालेलं नाही," संशोधक मुलगी म्हणाली. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर लॅपटॉप, शेजारी इंटरनेटच्या तारेला जोडलेलं तळहाताएवढं काळं खोकं. चार महिन्यांपूर्वी विद्यापीठातला एक माणूस ते इथे बसवून गेला होता. ती स्वतः या घरी पहिल्यांदाच येत होती.

"मग सगळ्यांत जास्त तक्रारी तुमच्याच घरातून कशा येतात, वहिनी?"

"आमच्या आईंना विचारा," घरची सून कपड्यांच्या घड्या घालत हसली. आई म्हणजे तिच्या सासूबाई. "तुमच्या माणसाने सांगितलं होतं ना, त्रास झाला की कागदावर फुली मारा. त्या रोज मारतात. एकदा तर रागाच्या भरात कागदच फाटला."

मुलीचा प्रबंध सोमवारी जायचा होता. एकाच तारेवर बरीच घरं असतात, आणि संध्याकाळी सगळीच एकदम इंटरनेट ओढू लागली की कुणाच्या वाट्याला काय यावं, हा तिचा विषय. त्यासाठी तिने या खोक्यांत बसवलेला नियम साधा होता. गर्दी झाली की आधी आवाज सांभाळायचा, चित्राचं काय व्हायचं ते होऊ दे. बोलणं पोहोचलं की माणसाचं भागतं. चाळीस घरांतल्या तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या. या एका घरातल्या दुप्पट झाल्या होत्या. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "आपल्या नियमात पंक्तिप्रपंच नाही, हे चाळीस घरं सांगतायत. एका खोक्याचं डोकं फिरलं असेल. उचलून आण आणि ते घर वगळून टाक."

"संध्याकाळी बोलताना आवाज तुटतो का?" तिने विचारलं.

सुनेचे हात थांबले. "आवाजाचं कसं सांगू? बोलतात त्या आई. आणि त्यांना ऐकू येत नाही. जन्मापासून."

मुलीने लॅपटॉपवर या घराने भरून दिलेला अर्ज उघडला.

"सात वाजलेच. बघा तुम्हीच."

सासूबाई बाहेर आल्या. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. पाहुणीकडे बघून मान हलवली, टेबलावरचा दिवा लावला, टॅब भिंतीला टेकवून उभा केला. पडद्यावर अगदी त्यांच्याच नाकाची एक बाई आली. दोघींचे हात एकदम सुरू झाले. कुणी कुणाला थांबू देत नव्हतं.

"धाकटी बहीण," सून हळूच म्हणाली, आणि मग आपण हळू का बोलतोय म्हणून स्वतःशीच हसली. "रोज भांडतात. आज मात्र मावशींचा रिपोर्ट आलाय. गळ्याशी गाठ होती. आईंना काल रात्रभर झोप नाही."

पडद्यावरच्या बाईने एक कागद उचलून दाखवला, बाजूला ठेवला आणि हात वर केले. तेवढ्यात तिचं चित्र फुटलं. बोटं गेली, मग मनगटं. चेहऱ्याच्या जागी तपकिरी चौकोन उरले.

सासूबाई पुढे झुकल्या. एकच खूण पुन्हा पुन्हा करू लागल्या. ती खूण मुलीलाही कळली: काय म्हणालीस?

आवाज मात्र स्वच्छ येत होता. तिकडच्या खोलीतला पंखा, ओढलेली खुर्ची. आणि बांगड्या. मावशी सांगत होती, पुन्हा सांगत होती. बांगड्या किणकिणत होत्या, हात दिसत नव्हते.

मुलीने लॅपटॉप ओढला. तीनदा बोट चुकलं. चौथ्यांदा या घरापुरता नियम बंद झाला. आवाज घोगरा झाला, तुटला, गेला. पडद्यावर चौकोनांतून एक हनुवटी आली, मग दोन हात.

सून बघत होती. "साधी आहे," ती म्हणाली. "गाठ साधी आहे."

सासूबाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग दोन्ही हातांनी जे काही सुरू केलं, त्याचा अर्थ सुनेने सांगितला नाही. "शिव्या आहेत," ती डोळे पुसत एवढंच म्हणाली.

मुलगी जिन्यात आली आणि तिने सरांना फोन लावला.

"खोकं चांगलं आहे, सर. घर वगळता येणार नाही." तिने पाहिलं ते सगळं सांगितलं.

सर म्हणाले, "सोमवार हुकला तर सहा महिने जातील. ठरलेल्या नोकरीचं काय?"

"कळवते त्यांना. थांबले तर थांबले."

"अशी आणखी किती घरं असतील?"

"माहीत नाही. अर्जात माणसं किती, फोन किती, सगळं विचारलं होतं. बोलता कसे, ते नव्हतं विचारलं. आता प्रत्येक घरी स्वतः जाईन म्हणते."

"अर्ज तू तयार केलास," सर म्हणाले. "खाली सही माझी आहे. चाळिसांपैकी निम्मी घरं मला दे."

ती परत आत आली तेव्हा बहिणी कुठल्याशा जुन्या भांडणावर पोहोचल्या होत्या. पडद्यावरची बाई हसत हसत बोट नाचवत होती. मुलगी दिव्यापाशी उभी राहून बघू लागली.

सासूबाईंनी मान न वळवता डावा हात तिच्या दिशेने उडवला आणि पुन्हा कामाला लावला.

"काय म्हणाल्या?" मुलीने विचारलं.

सुनेने तिला दंडाला धरून अलगद बाजूला घेतलं. "सरका म्हणाल्या, ताई. तुमची सावली त्यांच्या बोलण्यावर पडतेय."