कोणाच्या ताब्यात

“हिला न्यायला घरचं कोणी आलंय?” मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं.

गजेंद्र पुढे झाला. इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध. भातकुलीहून सकाळीच येऊन तो कोर्टाच्या बाकावर बसला होता. “मी लहान भाऊ, जी,” तो म्हणाला. बहिणीकडे त्यानं अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

पौर्णिमा मात्र त्याच्याकडेच बघत होती. मघाशी व्हरांड्यात तो भिंतीकडे तोंड करून तिला म्हणाला होता, “सही करून देतो. पण गावात पाय नाई ठेवायचा. फाट्यावर उतरवून देतो, तिथून कुठंई जा.”

अमरावतीच्या लॉजवर धाड पडली तेव्हा गिऱ्हाइकांना मागच्या दारानं जाऊ दिलं आणि बायकांना गाडीत घातलं. या प्रकाराला सगळे सुटका म्हणत होते. सुटका झाल्यापासून तीन आठवडे ती सुधारगृहात कुलपाआड होती. तिकडे अकोल्यात तिची मुलगी आचल शेजारच्या मनकर्णाबाईकडे राहून दहावीचे पेपर देत होती. आई कुठे आहे, हे पोरीला वर्तमानपत्रातल्या फोटोवरून कळलं.

एका संस्थेनं दिलेल्या वकील प्रणालीताई तिच्या कानाशी वाकल्या. “हो म्हणून टाका. आज सुटाल. पुढचं बाहेर गेल्यावर बघू.”

“भावाबरोबर जायची तयारी आहे ना?” मॅडमनी विचारलं.

“नाई जी.”

“मग तुम्हाला कोणाच्या ताब्यात द्यायचं?”

“माह्या.”

कारकून हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

“अडतीस वर्षांची बाई आहो मी,” पौर्णिमा म्हणाली. “याले कडेवर घेऊन हिंडली. नवरा मेला, अन् तान्ही पोरगी घेऊन याच्या दारात उभी राहिली, तवा यानं आतून कडी लावली. त्या दिवशी कोणीच नाई इचारलं, ही बाई कोणाच्या ताब्यात आहे म्हणून. आता पोरगी शिकून राहिली, आमी दोघी पोटभर जेवून राहिलो, तं समद्यायले माही काळजी.”

गजेंद्र खाली मान घालून सदऱ्याची बाही सारखी करत राहिला.

“बाहेर जाऊन पुन्हा तेच काम करणार?”

“ते माह्यं मी पाईन, जी. मी चोरी नाई केली. कोणावर बळजबरी नाई केली, अन् माह्यावर कोणी नाई केली. तुमी मले कोंडून ठेवलं, तेवढीच काय ती बळजबरी झाली.”

प्रणालीताई काहीतरी बोलायला उठल्या आणि तशाच खाली बसल्या.

मॅडमनी बराच वेळ कागद चाळले. मग म्हणाल्या, “सज्ञान आहेत. त्यांना त्यांच्या मर्जीनं जाऊ द्या.”

“मंग मले काहून बलावलं?” गजेंद्र कारकुनावर डाफरला.

पौर्णिमा बाहेर आली. दुपारचं ऊन व्हरांड्यात पार आतपर्यंत शिरलं होतं. अकोल्याची गाडी मिळाली, तर दिवेलागणीच्या आत ती आचलजवळ पोचणार होती. पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं, सुधारगृहातून सोबत आलेल्या महिला शिपायानं अजून तिचं मनगट धरलेलं होतं.

“आता सोडा, बाई,” ती म्हणाली.

शिपायाला कळायला थोडा वेळ लागला.