चहा घ्या, वहिनी

विमा कंपनीच्या क्लेम विभागात तो सगळ्यांत गोडबोल्या, म्हणून साहेब विधवांना हमखास त्याच्याच टेबलाकडे पाठवत. चहा मागवायचा, डोळे पुसायचे आणि स्वतःच्या बापाला मारायचं, ही त्याची रीत. बाप घरी ठणठणीत होता. इथे मात्र समोरची फाईल बघून कधी हृदयविकाराने जायचा, कधी मधुमेहाने. ऐकून बाई विरघळायची, “आमच्या ह्यांनाही आधीपासूनच त्रास होता हो,” म्हणायची, की ‘जुना आजार लपवला’ असा शेरा मारून क्लेम नामंजूर. आजही त्याने कप पुढे सरकवला. “वहिनी, माझे वडीलही असेच गेले, दम्याने. वर्षानुवर्षं धाप लागायची. आणि दादांना?” बाईने कप तसाच परत ढकलला; चहा त्याच्या शर्टावर सांडला. “दम्याने? मागच्या वर्षी माझ्या जावेपुढे तर मधुमेहाने मेला होता. अजून किती जणींपुढे मारणार आहेस रे आपल्या बापाला?”