तहकुबी

"एवढं एक वाक्य म्हणा, म्हणजे आपण सगळे सुटलो," विधानमंडळाचे निवृत्त सचिव हळूच म्हणाले. "सभागृहाची बैठक तहकूब करण्यात येत आहे. बस्स."

अध्यक्षांच्या उंच खुर्चीत बसलेल्या बाईंनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते सचिवांना कळेना.

परदेशी वकिलातींतल्या नव्या अधिकाऱ्यांना इथला राज्यकारभार समजावून द्यायचा हा वर्ग. कायदा कसा होतो, मंत्र्याला कोंडीत कसं पकडतात, हे नुसतं सांगून डोक्यात शिरत नाही, म्हणून सचिव खुर्च्या मांडून लुटुपुटूचं सभागृह भरवत. कोणी सरकार, कोणी विरोधक. आज अध्यक्षपद त्यांनी मुद्दाम या बाईंना दिलं होतं. बाईंच्या देशात विधानभवनाला सैन्याने वेढा घातल्याची बातमी सचिवांनी सकाळीच वाचली होती. कामात मन गुंतलं तर तेवढाच विसर पडेल, असा त्यांनी आपला अंदाज बांधला. जन्म पुस्तकांत गेलेला माणूस. माणसांच्या बाबतीत त्यांचे अंदाज नेमके चुकायचे.

"अध्यक्ष महाराज," विरोधी बाकांवरून एक मिशीवाले अधिकारी उठले. इथली भाषा ते व्याकरणाआधी विनोदापासून शिकले होते. "सरकार आज नाही पडलं तरी चालेल, पण चहा पाहिजे. पोटात कावळे ओरडताहेत, आणि ते कुठल्याच पक्षाचं ऐकत नाहीत."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"सर, मघाशी तुम्ही म्हणालात, बैठक चालू असेपर्यंत अध्यक्षांच्या परवानगीशिवाय आत येऊन कुणालाही पकडता येत नाही."

"हो. तो सदस्यांचा विशेषाधिकार."

"आमच्याकडेही आहे. आणि तहकूब झाल्यावर?"

"तहकूब झाल्यावर काय," सचिव गडबडले. "सदस्य आपापल्या घरी जातात."

"दारातून."

"दारातूनच."

बाईंनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. "माझा धाकटा भाऊ आत आहे. तिथले अध्यक्ष परवापासून खुर्चीवरून उठलेले नाहीत. म्हातारे आहेत. सदस्य पाळीपाळीने बोलताहेत. बोलणं थांबलं की बैठक संपली. काल आमच्या भावाचे मुद्दे संपले, तर तो अंदाजपत्रक सोडून आईच्या शिलाई मशीनबद्दल बोलत राहिला म्हणे. लहानपणी घरात तोंड उघडायचा नाही."

मिशीवाले आवाज न करता खाली बसले. कुठल्या दुखऱ्या जागी आपण बोट ठेवलं ते सचिवांना आता कळलं.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. बाईंच्या वकिलातीतला एक सहकारी उंबऱ्यातच थांबला आणि त्याने सचिवांना खुणेनं जवळ बोलावलं.

"मॅडमना खाली पाठवता का? गाडी आणलीये."

"काय झालं?"

"तिकडचे अध्यक्ष खुर्चीतच कोसळले. बैठक संपल्याचं रेडिओवर जाहीर झालं. दारं उघडलीत."

"आणि सदस्य?"

सहकाऱ्याने नुसतीच मान खाली घातली.

तो कुजबुजतच बोलला होता, पण खोली लहान होती. सचिव वळले. निरोप सांगायचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं.

ती वेळ आलीच नाही. बाई ताठ बसल्या होत्या.

"कामकाज पुढे चालू," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. भिंतीलगतच्या त्या खुर्चीवर कोणीच बसलं नव्हतं. "सन्माननीय सदस्य, बोला."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. साधी लाकडी खुर्ची. खिडकीतलं उतरतं ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं. मिशीवाल्यांनी आपली खुर्ची जरा वळवून घेतली आणि कान दिला.

वर्ग संपवणं सचिवांच्या हातात होतं. ते उभे होते, तोंडापर्यंत शब्दही आले होते. मग ते अध्यक्षांच्या खालच्या बाजूला, सचिवाच्या जागेवर, जाऊन बसले.

खालून गाडीचा हॉर्न वाजला.

"मॅडम," दारातला सहकारी काकुळतीला येऊन म्हणाला, "चला आता—"

बाईंनी समोरची घंटा वाजवली.

"शांतता राखा," त्या म्हणाल्या. "सदस्य बोलत आहेत."