मूळ फिटिंगचा वर्ग

"गाडी पास, तुम्ही नापास," शर्यतीआधीच्या तपासणीत इंदुलकर मॅडम म्हणाल्या. "या वर्गात बदललेला पार्ट चालत नाही. तुमचं हृदय प्रयोगशाळेत वाढवलेलं आहे."

"अहो मॅडम, जुन्यापेक्षा हळू पळतंय ते!" रंगराव साळोखे काकुळतीला आला. आयुष्यात तो एकदाही जिंकला नव्हता.

"मग सुधारित वर्गात उतरा."

तिथले चालक पापणी लवायच्या आत सुटत. त्यांना पापण्याच नव्हत्या.

पास झालेली गाडी मात्र नियमाने धावायलाच हवी होती. चालक नसला की सगळ्याच गाड्यांसारखी तीही आपली आपण पळे. रंगराव कुंपणाशी उभा राहिला. हिरवा दिवा लागला, गाडी रिकामीच सुटली आणि पहिली आली.

मॅडमनी हार बॉनेटवर घातला.

"अभिनंदन, साळोखे! एवढी वर्षं तुमचंच वजन नडत होतं बघा."