पहिलं उत्तर पुरे

"तुझ्या प्रोग्राममधलं हे फंक्शन दोन उत्तरं परत देतं," ती त्याच्या स्क्रीनवर बोट आपटत म्हणाली. ऑफिसात ती त्याचा कोड तपासायची आणि बाहेर त्याच्याशी लग्न करणार होती. "पहिलं, काम झालं का. दुसरं, त्यात भानगड काय. तू पहिलं उचलतोस आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीस!"

"पहिलं 'हो' आलं ना? मग दुसरं कशाला उकरायचं?"

तिने कपाळावर हात मारला.

संध्याकाळी तो तिच्या घरी बाबांसमोर बसला आणि एकदाचं लग्नाचं विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. पुढेही ते बराच वेळ बोलत होते, पण याचं विमान केव्हाच उडालं होतं. हा नुसता मान डोलावत राहिला.

"काम फत्ते!" दारात येऊन तो तिला म्हणाला.

तेवढ्यात आतून तिच्या आईची हाक आली, "जावईबापू, वरची खोली तुमची हं! लग्न झालं की सामान थेट इथेच आणा."

"म्हणजे मी घरजावई?" त्याने आ वासला.

"बाबा आधी अटच सांगणार होते," ती गालातल्या गालात हसली. "मीच म्हटलं, आधी 'हो' म्हणा, मग हवं ते मागा. तुझा कोड रोज मीच तपासते ना."