सेलाचा खर्च

निरनिराळ्या देशांत मूल वाढवायला किती खर्च येतो, याचा अभ्यास सेला ऑकलंडला करत होती. टोंगाची पाळी आली तेव्हा ती आईला घेऊन बेटावरच्या आपल्या गावी आली. लाविनिया मावशीच्या ओसरीवर बायका चटया विणत बसल्या होत्या.

"मावशी, मला वाढवायला किती खर्च आला असेल गं?"

सगळ्या खो खो हसल्या. "खर्च कसला? जेवायचीस माझ्याकडे, झोपायचीस हिच्याकडे!" एक जण म्हणाली.

"आणि मार खायचीस सगळ्यांचा!" मावशी म्हणाली. "छदाम लागला नाही तुला."

सेलाला त्या सगळ्या चुलींचा धूर आठवला, नारळाच्या दुधात शिजणारा तारोचा कंद आठवला. "मग शून्य लिहू?" तिने हसत विचारलं.

आई अंगणाकडे बघत होती. लेकीच्या शाळेसाठी ती ऑकलंडला ऑफिसं झाडायला गेली, तेव्हा सेला रांगत होती. परत आली तेव्हा सेलाची शाळा संपत आली होती.

"लाविनिया," तिने हळूच विचारलं, "ही पहिल्यांदा चालली ती कुठे गं?"

मावशी विणकाम ठेवून उठली. बहिणीचा हात धरून तिला अंगणात घेऊन गेली. "इथून निघाली बघ, धडपडत."

"आणि कुणाकडे गेली?"

मावशीने बहिणीला पोटाशी धरलं.