कोरडी गोधडी

कोकिळानं गोधडीवर हात फिरवला. कोरडी. मधोमध दाबून पाहिलं, खालच्या सतरंजीलाही हात लावला. सगळं कोरडं ठाक! आठवडा उलटून गेला होता आणि घरात एकदाही ओलं अंथरूण निघालं नव्हतं.

अपेक्षा तिच्या आधीच उठून, तोंड धुऊन, फणी हातात घेऊन वेणीसाठी बसली होती. अकरा वर्षांची झाली तरी अंथरूण भिजवणारी पोर आता आपणहून उठते, याचं कोकिळाला भारी कौतुक वाटलं.

या चमत्काराचे धनी घरात तिघं होते. सासूबाई मैनाबाई म्हणायच्या, त्यांनी पोरीच्या कमरेला बांधलेल्या काळ्या दोऱ्याचा हा गुण. नवरा कपिल म्हणायचा, "म्या डोये वटारले ना तिच्यावर, म्हून." कोकिळा दोघांनाही हो म्हणायची आणि मनात म्हणायची, दिवेलागणीनंतर पोरीचं पाणी कोणी बंद केलं? मीच ना!

दारव्ह्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, काही लेकरांची झोपच गाढ असते, वयाबरोबर हे जातं, तोवर तिला रागावू नका, रात्री उठवत जा. सांगायला काय जातं! दिवसभर कापूस वेचायचा, घरी येऊन स्वयंपाक करायचा, रात्री मोबाईलचा गजर लावून दोनदा उठायचं आणि झोपेनं जड झालेल्या पोरीला धरून मागच्या दारी न्यायचं. एवढं करून सकाळी अंथरूण ओलं ते ओलंच. थंडीत गोधडी पिळता पिळता मनगटं भरून यायची. ती वाळत घातली की शेजारची सोनीबाई कुंपणावरून विचारणारच, "आजही का वं?"

आठ-दहा दिवसांमागे एका सकाळी कोकिळाचा धीर सुटला. ओली गोधडी तिनं अंगणात आपटली आणि पोरीसमोरच ओरडली, "एक रात त मले निजू दे रे देवा!"

त्या रात्री ती गजर लावायलाच विसरली. उठून पाहते तर गोधडी कोरडी. दुसऱ्या दिवशीही कोरडी. मग तिनं गजराचा नाद सोडला आणि कित्येक महिन्यांनी मेल्यासारखी झोपली.

शाळेतून मॅडमचा फोन आला तेव्हा ती शेतात होती. "लगेच या," एवढंच त्या म्हणाल्या. कमरेची कापसानं भरलेली ओटी सोडून तिनं बांधावर ठेवली आणि बोरीच्या शाळेचा रस्ता धरला. वाटेत जीव थाऱ्यावर नव्हता. वर्गात सगळ्यांसमोर झालं की काय पोरीला? तसं झालं असेल तर ही पुन्हा शाळेचं तोंड पाहायची नाही.

अपेक्षा ऑफिसातल्या बाकावर बसली होती. कोकिळानं आधी तिचा स्कर्ट पाहिला. कोरडा होता. मग तिला पोरीच्या कपाळावरचं टेंगूळ दिसलं.

"अपेक्षाची आई, रात्री काय कामं करून घेता हिच्याकडून?" मॅडमचा आवाज चढला होता. "रोज वर्गात डुलक्या घेते. आज वाचायला उभी केली, तर उभ्या उभ्या झोपली आणि बेंचवर आपटली!"

"काम? काई नाई जी मॅडम! जेवली का अंथरुणावर जाते पोरगी."

कोकिळाला संतापच आला होता. भांड्याला हात लावू देत नाही मी हिला, आणि मलाच विचारतात! पण तेवढ्यात तिचं लक्ष लेकीच्या डोळ्यांकडे गेलं. लालभडक, सुजलेले, खाली काळं धरलेले. रोज वेणी घालताना ती पाठीमागे बसायची, नंतर शेताची घाई. पोरीचा चेहरा असा समोरून पाहिलाच नव्हता तिनं.

मॅडम वर्गाकडे गेल्या. कोकिळा लेकीजवळ सरकली.

"काहून वं माय? झोपत नाई का तू?"

अपेक्षानं मान खाली घातली. "भिंतीले टेकून बसून राह्यते. आडवी झाली का झोप लागते. झोप लागली का भिजते."

"रातभर?"

"तूच म्हनली होती ना, एक रात त मले निजू दे म्हून."

आपण शेजारी घोरत होतो आणि हे लेकरू आपल्यासाठी बसून होतं! कसला दोरा आणि कसलं काय. तिला स्वतःची लाज वाटली, पुरती लाज वाटली. तिनं पोरीला मांडीवर ओढलं. एवढी मोठी पोर, मांडीत मावेना.

संध्याकाळी तिनं सतरंजीवर मेणकापड पसरलं, वर गोधडी टाकली. जेवताना अपेक्षाच्या पुढ्यात पाण्याचा गिलासही ठेवला.

"झोप आता."

"अन् भिजली त?"

"भिजू दे. गोधडीच हाये ते, सोन्याची थोडीच हाये."

"अन् तुह्या झोपेचं?"

"माह्या झोपेचं मी पाहीन. तू डोये मीट."

सकाळी ऊन अंगणात आलं, शाळेची वेळ होत आली, तरी अपेक्षा हलली नव्हती. तोंड उघडं, एक पाय भिंतीवर, केस सगळे तोंडावर. कोकिळानं पांघरुणाखाली हात घातला.

मैनाबाई दारातून म्हणाल्या, "काय वं, भिजली का मंग आज?"

"हौ आई, चांगली चिंब भिजली," कोकिळा ओठांवर बोट ठेवून हसली. "हळू बोला. पोरगी झोपली हाये."